तारेचा वळ

मी ब्लाऊज शिवते. जळगावात माझं छोटं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत, आणि लग्नसराईत मी मशीनवरून पाणी प्यायलाही उठत नाही. त्यामुळे बोटांच्या बाबतीत मला कुणी चार गोष्टी शिकवाव्यात, असं मला कधीच वाटलं नव्हतं. सुई टोचली, बोट तोंडात घातलं, पुढचा टाका घातला, एवढंच आमचं औषध. अशा बाईला पन्नाशीच्या उंबऱ्यावर स्वतःच्याच तीन बोटांनी रडवलं.

गिटार माझ्या मुलीची. कॉलेजात असताना हट्टानं घेतली, चार महिने टिंगटिंग केलं, मग भिंतीला टांगली. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि गिटार माझ्या उरावर राहिली. मी तिला खोळ शिवली, चांगली अस्तर आणि पायपिंग लावून. दर दिवाळीला खोळ काढायची, गिटार पुसायची, खोळ परत घालायची. एका दिवाळीला मुलगी आली तेव्हा मी म्हटलं, ही घेऊन तरी जा, नाहीतर मीच शिकते. ती हसली, आणि साधं नाही, पोट धरून हसली. म्हणाली, तुझ्यानं होणार नाही, आई, बोटं फार दुखतात. आता माझा स्वभाव असा आहे की मला कुणी 'तुझ्यानं होणार नाही' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. भाऊबीज झाली, ती पुण्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी मी गिटारच्या क्लासचा पत्ता काढला.

क्लास म्हणजे शिकवणाऱ्या सरांच्याच घराची वरची खोली. सर दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर होते, रिटायर होऊन जळगावात स्थायिक झालेले. मूळचे धुळ्याकडचे. दीपनगरच्या कॉलनीत गणपतीला ऑर्केस्ट्रा असायचा, त्यात त्यांनी उभी नोकरी गिटार वाजवली. शिकायला सगळी शाळेतली पोरं आणि एक मी. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं मी कुणाची तरी आजी आहे, सोडायला आलेय. मी खोळ उघडून गिटार मांडीवर घेतली तेव्हा एकानं शेजारच्याला कोपर मारलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की पुन्हा त्यानं मान वर केली नाही.

पहिल्या आठवड्यातच माझी मिजास उतरली. झालं असं की माझा उजवा हात कामाचा. सुई उजव्या हातात, कात्री उजव्या हातात, तव्यावरची भाकरी उलटायची ती उजव्यानं. त्या बोटांना आता काही लागत नाही. पण गिटारच्या तारा दाबायच्या असतात डाव्या हातानं, आणि डाव्या हाताची माझी बोटं निघाली अगदीच जावयासारखी, नुसती बसून खाल्लेली. पोलादी तार दहा मिनिटं दाबली की बोटाच्या टोकावर वळ उठायचा, खोल, पांढरा, आणि मग तो लाल होऊन जळत राहायचा. लिंबू पिळलं तर झोंबायचं, ठेचा कालवला तर डोळ्यांत पाणी. चहाचा कप डाव्या हातात धरवेना. हूक लावताना कापड डाव्या बोटांनी चिमटीत धरावं लागतं, तेही धरवेना. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचे हूक मी तिसऱ्या दिवशी लावून दिले, तेव्हा ती बाई म्हणाली, काय वं ताई, बोटं गेली का कामातून? मी म्हटलं, हो, गेली.

मग मी उपाय सुरू केले. शिंप्याच्या घरात पहिला उपाय कोणता सुचणार? अंगुस्तान. सुई ढकलताना बोटाला घालायची लोखंडी टोपी. ती मी घातली आणि तार दाबली. जो आवाज निघाला तो ऐकून आमचे हे आतल्या खोलीतून बाहेर आले आणि विचारायला लागले की पातेलं पडलं का. मग चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, ती तारेला चिकटून बसली. मग मी रोज बोटांना खोबरेल तेल चोळायला लागले. चांगलं चोळायचे, मालीश केल्यासारखं. त्यानं दुखायचं थोडं कमी व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखायचं.

तेलाची गोष्ट सरांना कळली तेव्हा ते माझ्यावर चिडले. त्यांच्या चिडण्याला आवाज नसायचा, फक्त चष्मा काढून ठेवायचे. म्हणाले, चामडी घट्ट व्हायला आपण जिवाचा आटापिटा करतो आणि तुम्ही रात्री ती मऊ करून ठेवता. त्यांनी मला नियम घालून दिले. एका वेळी दहाच मिनिटं वाजवायचं, मग बोटांना विसावा, हवं तर दिवसातून चारदा बसा. भांडी घासून झाल्यावर लगेच गिटार उचलायची नाही, ओल्या बोटाला तार कापते. साल निघायला लागली तर ओढायची नाही. तार दाबायची ती धातूच्या आडव्या पट्टीला अगदी खेटून, तिथं जोर कमी लागतो. आणि मी शिलाई मशीनचं पायडल दाबल्यासारखी दाबत होते, त्याच्या निम्म्या जोरातही आवाज निघतो. हे ऐकून मला थोडा रागच आला, कारण ते खरं होतं.

एक दिवस त्यांनी माझी गिटार स्वतःकडे ठेवून घेतली. तारा फार उंच बसल्यात म्हणाले, म्हणून जास्त दाबाव्या लागतात. तारांखालची हाडाची बारीक पट्टी त्यांनी काढली आणि कानशीनं घासायला बसले. चार वेळा घासली, चार वेळा बसवून पाहिली, दरवेळी तारेला कान लावून. कुणाला काम येतं आणि कुणाला नाही, हे मला हाताच्या चालीवरून लगेच कळतं, माझा धंदाच तो. ह्या माणसाचा हात एकदाही वाया फिरला नाही. मी तिथंच बसून बघत राहिले, दुकान उघडायला उशीर झाला तरी उठले नाही. त्या दिवसापासून मी त्यांना मनातूनही सर म्हणायला लागले.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला विचित्र वाटायची. क्लास सुरू व्हायच्या आधी म्हणायचे, "बोटं दाखवा." शाळेत नखं तपासतात तशी प्रत्येकाची बोटं बघायचे. माझी तर जास्तच वेळ. मग विचारायचे की कसं दुखतंय, जळतंय का, टोचतंय का, का आतून ठणकतंय? कुठल्या बोटाला जास्त? वाजवणं थांबवल्यावर किती वेळ राहतं? मी सांगायचे आणि ते डोळे बारीक करून ऐकायचे, कुणी आवडीच्या पदार्थाची चव सांगतंय असं. मी म्हणायचे, काय हा माणूस, दुसऱ्याच्या दुखण्यात एवढा रस?

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती. पोरांना ते सतत सांगायचे, बोटांकडे बघू नका, बोटांना आपली जागा कळली पाहिजे. आणि स्वतः वाजवताना मात्र त्यांची नजर डाव्या हातावरून हलायची नाही. मला वाटलं, वयानुसार होत असेल.

त्याचा उलगडा माझ्या दुकानात झाला. सर एका पँटची उंची कमी करायला आले होते. पुरुषांचं काम मी घेत नाही, पण सरांना नाही कसं म्हणणार? मी मापाला टाचण्या लावल्या, त्यांनी पँट घडी करून माझ्या हातात दिली, आणि मी बघितलं तर माझ्या पांढऱ्या अस्तरावर लाल थेंब. टाचणी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटात निम्मी शिरलेली होती आणि ते माझ्याशी शांतपणे हवापाण्याचं बोलत होते. मी म्हटलं, सर, रक्त. त्यांनी हात बघितला, टाचणी काढून टेबलावर ठेवली आणि हात खिशात घातला.

मी सोडणारी बाई नाही. मी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि विचारलं. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. आधी तळपाय बधिर झाले, चप्पल निसटली तरी कळेना. मग बोटांची टोकं. दोन वर्षं झाली, तार दाबली गेली की नाही हे त्यांना बोटावरून कळतच नव्हतं. डोळ्यांनी बघायचे बोट जागेवर आहे का, आणि कानांनी ऐकायचे नीट दाबलंय का. एवढ्यावर ते वाजवत होते आणि शिकवत होते. मला आठवड्याभरापूर्वी त्यांनी वाजवलेली एक लांबलचक धून आठवली, तिच्यात मला एक चूक सापडली नव्हती.

ते म्हणाले, "ताई, तुम्ही दुखतंय म्हणून तक्रार करता ना, तेव्हा मला तुमचा हेवा वाटतो हो."

आणि मग त्यांनी मला घातली शपथ. घरी पायांचं माहीत होतं, हातांचं नव्हतं. डॉक्टरांनी एकदा बजावलं होतं की बधिर बोटाला जखम झाली आणि ती वेळेवर दिसली नाही तर बोट जाऊ शकतं. हे बायकोला कळलं तर ती गिटारला हात लावू देणार नाही, आणि तिचं चूकही नाही, असं तेच म्हणाले. पण गिटार गेली तर उरलेला दिवस घेऊन करायचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, निश्चिंत राहा. ह्या दुकानात कुणाचं माप किती वाढलं हे मी आजवर दुसरीला सांगितलेलं नाही, तर हे काय सांगणार. ते हसले, चहा संपवला आणि गेले.

माझी बोटं एव्हाना थोडी सावरत होती. वळ यायचा, पण लवकर जायचा. टोकांवर कातडी जाड होऊ लागली होती, नखानं टकटक केलं तर वाजायची. मी ती भेटेल त्याला दाखवायचे, पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावून तिलाही दाखवली. आणि ह्या गर्वाच्या भरात मी तो घोळ घातला.

असोदं माझं माहेर. थंडीत भावाच्या मळ्यात भरिताचा बेत असतो. मी त्या वर्षी सरांना आणि वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बोलावलं. भावानं कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला, त्यावर हिरवी मोठाली वांगी भाजली. भाजलेलं वांगं सोलायचं ते गरमच, गार झालं की साल चिवट होते. आणि सोलताना बोटं पाण्यात बुडवायची नाहीत, भरीत पाणचट होतं म्हणतात. खरं सांगायचं तर भरिताचं काही होत नाही, पण आमच्याकडे ती इभ्रतीची गोष्ट आहे. जो हुस्स हुस्स करतो त्याची पोरंसुद्धा चेष्टा करतात. पाण्याला हात न लावता कोण किती वांगी सोलतो, हे लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

सर सोलायला बसलेल्यांच्या जवळ येऊन उभे राहिले. भाऊ चेष्टेनं म्हणाला की गिटारवाल्यांची बोटं नाजूक राह्यतात, सर, तुम्ही तिकडं बसा निवांत. एवढं बोलला आणि मला लागलं. मी म्हटलं, "नाजूक? अरे, बॉयलरच्या शेजारी जन्म गेलाय त्यांचा. तुझ्या दुप्पट सोलतील."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वर मी स्वतः उठून त्यांना पाट दिला, परातीतलं सगळ्यात मोठं वांगं देठाला धरून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मला नंतर फार आठवली. टाचणी विसरले नव्हते मी, शपथही विसरले नव्हते. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात एवढंच होतं की माझे सर माझ्या माहेरी कमी पडता कामा नयेत. वहिनी समोरच बसल्या होत्या. आता ते काय म्हणून नाही म्हणणार होते?

ते बसले आणि सोलायला लागले. वांगं डाव्या हाताच्या बोटांवर आडवं धरायचं आणि उजव्यानं साल ओढायची, अशी रीत. सोलणारा हात क्षणभर लागून सुटतो, धरणाऱ्या हाताला मात्र सुटका नाही. सरांनी एकामागून एक सात वांगी सोलली. चेहऱ्यावर सुरकुती नाही, तोंडातून हूं नाही, पाण्याच्या वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. माझा भाऊ हातातलं वांगं परातीत टाकून बघत बसला, म्हणाला, मानलं बापा तुम्हाला. बायका हसल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि मी, सगळं माहीत असलेली मी, मिरच्या तळता तळता तिथून छाती फुगवून बघत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथं हात त्यांचा होता आणि अवलक्षण माझं.

जेवायला केळीची पानं मांडली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी, कांद्याची पात. वहिनी सरांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पात पुढे करताना सरांचा डावा हात बाजूला सारला आणि तो तसाच धरून ठेवला. तीन बोटांची टोकं पांढरी पडून फुगली होती, आणि मधल्या बोटाची कातडी वांग्याच्या सालीबरोबरच निघून गेलेली, आत लालभडक मांस. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, अहो, हे काय? सरांनी हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं, आणि धुळ्याकडच्या त्यांच्या बोलीत म्हणाले, "काही नही शे."

मी तोवर उठून पळत जाऊन गार पाण्याची बादली आणली होती. बाकी कुणाला काय झालं ते कळायच्या आत. वहिनींनी बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि सरांचा हात बादलीत बुडवला. भावाच्या गाडीनं आम्ही सरळ जळगावात दवाखाना गाठला. दोन बोटं पंधरा दिवसांत सुकली, पण मधलं चिघळलं. पू झाला, एक दिवसाआड पट्टी, साखर वर, इंजेक्शनं सुरू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ह्या वेळी बोट वाचतंय, पुन्हा असं झालं तर टोक काढावं लागेल. वहिनींनी घरी येऊन सरांची गिटार जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. क्लास बंद झाला.

मीही गिटारला शिवले नाही. महिन्याभरात माझ्या बोटांची कमावलेली कातडी सालपटं होऊन निघून गेली, आतून पुन्हा तीच मऊ जावयाची बोटं. ह्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सरांकडे मात्र मी जात राहिले. वहिनी दार उघडायच्या, पाणी द्यायच्या आणि आत निघून जायच्या. मी सरांशी दोन शब्द बोलून परत यायचे. चार-पाच खेपांनंतर एक दिवस वहिनी पाण्याचा पेला देऊन आत गेल्या नाहीत. म्हणाल्या, दिवसभर मांडीवर उजव्या हातानं ताल धरतात, डावा हात उशीवर ठेवून. पेपर वाचत नाहीत, खाली उतरत नाहीत, मला बघवत नाही. मी संधी साधली. म्हटलं, त्यांनी वाजवायचं नाही, पण शिकवायला काय हरकत आहे? मी वाजवीन, त्यांनी नुसतं ऐकायचं. वहिनींनी माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेतला. मग म्हणाल्या की तुमची गिटार आणा. आमची माळ्यावरच राहील.

तो महिना मी जन्मात विसरणार नाही. सर खुर्चीत डोळे मिटून बसायचे, पट्टीचा हात उशीवर. मी वाजवायचे आणि ते न बघता सांगायचे, अनामिका पट्टीपासून लांब आहे. करंगळी आडवी पडलीय. दुसरी तार दाबली गेली नाही, नुसती टेकलीय. मी मान खाली घालून बघायचे तर करंगळी खरंच आडवी. एकदा मी मुद्दाम थोडं चुकीचं बोट लावलं, परीक्षा घ्यायला. ते डोळे न उघडता म्हणाले की खोड्या करू नका. माणसाच्या हातातून सगळं काढून घ्या, तरी त्याची विद्या कुठंतरी शिल्लक राहते, हे मी तेव्हा बघितलं. आणि एवढं होऊन त्यांनी त्या भरिताचा एका शब्दानं उल्लेख केला नाही. मी एकदा माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, पाट तुम्ही दिला, बसलो मी.

बोटं नव्यानं दुखायला लागली होती, पहिल्यापेक्षा जास्त. सर रोज विचारायचे आणि ह्या वेळी मी तक्रार करत नव्हते, नीट सांगत होते. म्हणायचे, तर्जनीला जिऱ्याएवढ्या जागेत जळतंय. मधल्याला आत, हाडापर्यंत ठणका जातोय. अनामिकेला आज फक्त टोचतंय, काल जळत होतं. मी घरी बसून शब्द शोधून ठेवायचे, तेवढंच त्यांना देण्यासारखं माझ्याजवळ होतं. ते डोळे मिटून ऐकायचे. कधी कधी त्यांच्या डाव्या हाताची बोटं उशीवर किंचित हलायची.

चैत्रात पट्टी सुटली. उन्हानं नुसती काहिली होत होती, वरच्या खोलीत कूलर लावूनही घाम थांबत नव्हता. मधल्या बोटाला नवी कातडी आली होती, गुलाबी, बाळाच्या टाचेसारखी. सरांनी डॉक्टरांना गिटारचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं वाजवा, पण शेजारी बघणारं माणूस हवं. तुम्हाला कळणार नाही, त्याला कळलं पाहिजे. त्या संध्याकाळी वहिनी माझ्या दुकानात आल्या, पहिल्यांदाच. खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्यानंच म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं ना? मग आता तुम्हीच बघायचं."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा गिटार माळ्यावरून उतरवून, पुसून खुर्चीशेजारी ठेवलेली होती. वहिनी दारात उभ्या राहिल्या. सरांनी गिटार मांडीवर घेतली, सूर लावले, सवयीनं मान खाली घालून बोटांकडे बघायला लागले. मी म्हटलं, सर, तुम्ही खिडकीबाहेर बघा, बोटांकडे मी बघते. ते थोडे बिचकले, मग त्यांनी मान वर केली.

पहिले दोन-तीन सूर भलतीकडेच पडले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली. तिसऱ्या वेळी धून लागली. तीच लांबलचक धून, क्लासमध्ये वाजवलेली, पण त्या वेळी हातावर पहारा ठेवून वाजवलेली होती आणि आता डोळे बाहेर, निंबाच्या झाडाकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा ते बोटांकडे न बघता वाजवत होते. चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. दारातून वहिनींचा पदराआडचा हुंदका ऐकू आला. आणि मला ते काही बघायची सोय नव्हती, मी माझी नजर त्यांच्या बोटांवर खिळवून बसले होते.

बोट तारेवरून उचललं की वळ दिसायचा. आधी पांढरा, मग गुलाबी. माझी स्वतःची बोटं त्यातून दोनदा गेली होती, कुठल्या रंगाला काय होतं हे मला तोंडपाठ होतं. ह्या रंगाला चुरचुरतं, ह्या रंगाला जळतं. मधल्या बोटाच्या नव्या कातडीवरचा वळ लाल झाला, मग लालातही गडद व्हायला लागला. धून संपायला थोडीच राहिली होती. मला थांबवावंसं वाटेना. देवा, एवढी एक ओळ होऊ दे, असं मी मनात म्हटलं, आणि ती ओळ झाली, आणि पुढची सुरू झाली.

मी म्हटलं, "सर, दुखतंय."

त्यांनी मध्येच हात थांबवला. खिडकीकडची नजर माझ्याकडे वळवली.

"कुठं?"

"मधल्या बोटाला. आत ठणकतंय."

"बरं," ते म्हणाले. गिटार त्यांनी खाली ठेवली, डावा हात तोंडाजवळ नेला आणि मधल्या बोटावर हळूच फुंकर घातली.